पाहुणा मुद्राचित्रकार आणि किंगाइतचा छापखाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्राचित्रणाच्या (ठशावरून कागदावर चित्र छापण्याच्या, म्हणजे प्रिंटमेकिंगच्या) कार्यशाळेत ‘पाहुणा कलावंत आणि गावातलं कलाकेंद्र’ हा विषय निघाला की मी हटकून किंगाइतचं उदाहरण देते. त्यावर प्रश्न येत राहतात. मेलवर येतात, फोनवर येतात, कार्यशाळा आटोपून हात धुताना येतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अवघड. एका उत्तरात सांगून झालेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किंगाइत नेमकं कुठे आहे? केप डॉर्सेट म्हणतात ते हेच का?

हेच. कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत हा प्रदेश, त्यात बॅफिन हे भलंमोठं बेट, आणि त्याच्या नैर्ऋत्येला लागून असलेल्या छोट्या डॉर्सेट बेटावर हे गाव. वस्ती जेमतेम चौदाशे. २०२० साली गावाने आपलं मूळ नाव अधिकृतपणे परत घेतलं. जुन्या चित्रांवर आणि कॅटलॉगांत ‘केप डॉर्सेट’ किंवा नुसतं ‘डॉर्सेट’ दिसेल. लोक इनुइट. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ते एस्किमो होते, पण त्यांना तो शब्द नको आहे, तेव्हा आपणही सोडावा.

गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. नुनावुतची राजधानी इकालुइत, तिथून विमानाने जायचं. जड सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने येतं. छापणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की कागद संपला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाता येत नाही. वर्षाची बेगमी आधी करावी लागते.

२. एवढ्याशा गावात छापखाना कसला?

चित्रांचा. १९५० च्या दशकाच्या शेवटी तो सुरू झाला आणि १९५९ पासून तिथल्या मुद्राचित्रांचा वार्षिक संग्रह कॅटलॉगसह निघू लागला. साधारण तीसेक चित्रं, प्रत्येकाच्या बहुधा ५० प्रती. संग्रह ऑक्टोबरमध्ये वेगवेगळ्या शहरांतल्या गॅलऱ्यांत विक्रीला ठेवला जातो. कितीतरी वर्षं हे काम साध्या लाकडी इमारतींत चाललं. २०१८ मध्ये गावात ‘केनोजुआक कल्चरल सेंटर अँड प्रिंट शॉप’ उभं राहिलं. एका छपराखाली छापखाना, प्रदर्शनाची जागा आणि गावकऱ्यांना जमायला दालन. छापखाना चालतो सहकारी संस्थेच्या मालकीने (प्रश्न ९).

३. यात पाहुणा कोण आणि यजमान कोण?

निवासी उपक्रम म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते असं: शहरातला कलावंत गावात येतो, महिनाभर राहतो, शिकवतो, जातो. किंगाइतची सुरुवात याच्या उलटी झाली. जेम्स ह्यूस्टन हे कॅनेडियन चित्रकार १९४८ पासून उत्तरेत ये-जा करत होते, पुढे केप डॉर्सेटला सरकारी अधिकारी म्हणून राहिले. १९५७ पासून त्यांनी आणि गावातल्या काही जणांनी छपाईचे प्रयोग सुरू केले. लिनोलियमवरही कोरून पाहिलं. प्रयोग जमू लागले तसं ह्यूस्टन यांना आपल्या ज्ञानाची मर्यादा कळली आणि १९५८ च्या अखेरीस ते जपानला गेले. टोकियोत उनइची हिरात्सुका यांच्याकडे तीनेक महिने शिकून १९५९ मध्ये परतले. येताना सोबत जपानी हातकागद, हत्यारं आणि जपानी कलावंतांची अस्सल मुद्राचित्रं होती.

म्हणजे गावातला शिकवणारा आधी स्वतः दुसऱ्याच्या कार्यशाळेत पाहुणा म्हणून बसला. हिरात्सुका किंगाइतला आले नाहीत, त्यांची पद्धत आली. निवासी उपक्रम आखणाऱ्या मंडळींना मी हे आवर्जून सांगते, कारण सगळा खर्च पाहुण्याला आणण्यावर करायचा आणि आपला एकही माणूस बाहेर पाठवायचा नाही, ही आपल्याकडची सवय आहे.

४. सिगारेटच्या पाकिटाची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी सांगतात. ओसुइतोक इपीली हे हस्तिदंतासारख्या वॉलरसच्या सुळ्यांवर कोरीवकाम करणारे नावाजलेले कलावंत. सिगारेटच्या दोन पाकिटांवरचं खलाशाचं अगदी सारखं डोकं पाहून ते ह्यूस्टन यांना म्हणाले, एकच चेहरा पुन्हा पुन्हा रंगवत बसणाऱ्याला किती कंटाळा येत असेल. छपाई शब्दांत समजावता येईना, म्हणून ह्यूस्टन यांनी ओसुइतोक यांनीच कोरलेल्या सुळ्यावर शाई फासली, वर पातळ कागद दाबला आणि उचलला. नक्षी कागदावर उमटली. ओसुइतोक म्हणाले, हे आपल्याला जमेल.

ही हकिकत ह्यूस्टन यांनी स्वतः सांगितलेली आहे आणि ते कथा रंगवून सांगणारे गृहस्थ होते, एवढं ध्यानात ठेवून ऐकावी. एक गोष्ट मात्र तिच्यात सुटते. इनुइटांना छापील गोष्टी नवीन नव्हत्या. मिशनऱ्यांनी त्यांच्याच भाषेतली धर्मपुस्तकं छापून आणली होती. आणि आकृती कापून दुसऱ्या पृष्ठभागावर बसवण्याचं कसब तर घराघरांत होतं. सीलच्या गडद आणि फिकट कातड्याचे तुकडे कापून कपड्यांवर, बुटांवर, पिशव्यांवर बायका नक्षी जोडत. ‘स्टेन्सिल’ला लागणारी नजर त्यातच तयार झाली होती.

५. ह्यूस्टन जपानमध्ये शिकले ते सगळं इथे वापरलं का?

सगळं वापरलं नाही, आणि मला या प्रकरणातला हाच भाग सर्वांत रोचक वाटतो.

हिरात्सुका (१८९५–१९९७) ‘सोसाकु हांगा’ या चळवळीतले दिग्गज. चळवळीचा आग्रह असा की चित्र स्वतः काढायचं, ठसा स्वतः कोरायचा आणि छापायचंही स्वतः. त्याआधीच्या ‘उकियो-ए’ परंपरेत ही कामं वाटलेली असत: चित्रकार वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर प्रकाशक. ह्यूस्टन शिकले नव्या पंथाच्या गुरूकडे, पण किंगाइतला परतून त्यांनी घडी बसवली ती जुन्या उकियो-ए कारखान्याची. चित्र काढणारे गावभर, कोरणारे-छापणारे मोजके आणि मधोमध संस्था. गावात जे होतं त्याला तीच घडी बसत होती. घरी किंवा शिकारीच्या तळावर बसून चित्र काढणं पन्नास जणांना शक्य होतं. रोज छापखान्यात येऊन उभं राहणं चौघा-पाचांनाच. इयोला किंगवात्सियाक, लुक्ता कियात्सुक, एग्यवुदलुक पूटूगूक आणि कानांगिनाक पूटूगूक ही त्या सुरुवातीच्या छापणाऱ्यांतली नावं.

दुसरा बदल लाकडाचा. जपानी पद्धतीला चेरीसारख्या लाकडाची फळी लागते. किंगाइत वृक्षरेषेच्या पलीकडे, तिथे झाडच उगवत नाही. दगड मात्र मुबलक, आणि तो कोरणारे हात तयार. म्हणून ठसा दगडाचा झाला.

जे जसंच्या तसं आलं तेही सांगते. कोझोच्या सालीचा हातकागद आला, जो पातळ असून घासताना फाटत नाही. पाठीमागून हाताने घासून छापणं आलं. आणि चित्रावर लाल मुद्रा उमटवण्याची रीत आली. त्या मुद्रेत संस्थेचं इग्लूचं चिन्ह असतं, जोडीला कलावंताचं आणि छापणाऱ्याचं नाव इनुइट अक्षरांत.

६. दगडावर छापतात म्हणजे आपला शिळाप्रेसच की!

नाही. हा घोळ आपल्याकडे हमखास होतो, कारण शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या आणि पंचांगं आपण जुन्या घरांत पाहिलेली असतात. शिळाप्रेस म्हणजे लिथोग्राफी. तिथे दगड सपाटच राहतो, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने रेखाटतात, आणि तेल-पाण्याच्या वैरावर सगळा खेळ चालतो. किंगाइतचा ‘स्टोनकट’ हा उठावाचा ठसा आहे. लिनोकट किंवा लाकडी ठशाच्या घराण्यातला.

काम असं चालतं. दगडाची एक बाजू घासून अगदी सपाट आणि गुळगुळीत करायची. चित्र त्यावर उतरवायचं. जिथे कागद कोरा राहायला हवा तिथला दगड छिन्नीने काढून टाकायचा. मग छोट्या रोलरने शाई. जपानी पद्धतीत प्रत्येक रंगाला बहुधा वेगळी फळी लागते. इथे पुष्कळदा एकाच दगडावर वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे रंग लावून एका दमात छापतात. पक्ष्याचं अंग काळं आणि शेपूट लाल असेल तर दोन रोलर, आणि सांध्यावर हात स्थिर हवा. शाई लावून झाली की कागद वरून अलगद टाकायचा आणि पाठीमागून बोटांनी किंवा सीलच्या कातड्याच्या लहान गादीने घासत जायचं. लाकूड थोडी शाई पितं, दगड पीत नाही, त्यामुळे जास्त झालेली शाई लगेच कडेला फुगते. पुढच्या प्रतीला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यंत्र कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. लिथोग्राफीही पुढे किंगाइतला आली, पण ती नंतरच्या पाहुण्यांबरोबर (प्रश्न ११).

७. चित्र एकाने काढलं, दुसऱ्याने कोरलं, तिसऱ्याने छापलं. मग ते कोणाचं?

श्रेय चित्रकाराला आणि छापणाऱ्यालाही. कॅटलॉगमध्ये दोघांची नावं असतात. हे शब्दांपुरतं नाही. पेन्सिलीच्या नाजूक रेघांचं चित्र दगडात नेताना काय ठेवायचं, काय सोडायचं, पिसाच्या कडेला किती दाते पाडायचे, हे कोरणारा ठरवतो. मूळ रेखाटन आणि छापलेलं चित्र शेजारी ठेवलं तर कोरणाऱ्याचा हात स्पष्ट दिसतो.

‘मग हे अस्सल कसं?’ असं विचारणाऱ्यांना मी मळवलीकडे बोट दाखवते. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथेही चित्र रविवर्मांचं, दगडावर रंग वेगळे करणारे कारागीर निराळे. जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर हे त्या छापखान्यातले पाहुणे म्हणता येतील. पुढे तेच त्याचे मालक झाले. घरोघरी भिंतीवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीखाली त्या कारागिरांची नावं नव्हती. किंगाइतने इथे अधिक चोख व्यवहार केला.

८. यात बायका दिसतात का?

चित्रकार म्हणून पहिल्या रांगेत दिसतात. केनोजुआक आशेवाक (१९२७–२०१३) यांचं नाव तर नव्या इमारतीलाच आहे. १९५९ च्या संग्रहातलं त्यांचं पहिलं छापील चित्र म्हणजे समुद्री शेवाळ खाणारा ससा. त्याची आकृती आली त्यांनीच शिवलेल्या सीलच्या कातड्याच्या पिशवीवरून, आणि ती छापली स्टेन्सिलने (प्रश्न ४ च्या शेवटी म्हटलेलं कसब हेच). पिट्सिओलाक आशूना यांनी वैधव्यानंतर, उतारवयात, चित्रं काढायला घेतली आणि हजारो रेखाटनं केली. त्यांची मुलगी नापाची, नाती ॲनी पूटूगूक आणि शुविनाई आशूना या सगळ्या पुढे नामवंत झाल्या.

सुरुवातीला कोरणं आणि छापणं मात्र पुरुषांकडे राहिलं. रोजची मजुरी तिथे होती, हेही नोंदवून ठेवायला हवं.

९. पैसे कोणाला मिळतात?

कलावंत चित्र घेऊन सहकारी संस्थेकडे येतो, संस्था ते तिथल्या तिथे विकत घेते. त्यातली थोडीच पुढे छापली जातात. न छापलेल्या रेखाटनांचेही पैसे मिळालेले असतात. छापणाऱ्यांना त्यांच्या कामाचे. संस्थेचं जुनं नाव ‘वेस्ट बॅफिन एस्किमो को-ऑपरेटिव्ह’. सभासद गावकरीच, आणि संस्था चित्रांपुरती नाही. दुकानासारखे गावाला लागणारे व्यवसायही तिने चालवले. विक्रीसाठी १९७८ मध्ये टोरोंटोत ‘डॉर्सेट फाइन आर्ट्स’ हे कार्यालय उघडलं.

साखर कारखाना आणि दूध संघ पाहिलेल्या आपल्या वाचकाला सहकाराचे गुण-दोष वेगळे सांगायला नकोत. इथे एवढंच म्हणेन की ‘अनुदान संपलं, केंद्र बंद’ ही गत किंगाइतची झाली नाही.

१०. पण हा सगळा गोऱ्या सरकारी अधिकाऱ्याने मांडलेला डाव नव्हता का?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका बाजूचं देता येत नाही.

१९४० च्या दशकाच्या शेवटी कोल्ह्याच्या कातडीचा भाव कोसळला आणि तिच्यावर जगणाऱ्या कुटुंबांची रोकड आटली. त्यानंतरच्या वर्षांत लोक शिकारीचे तळ सोडून वस्तीत आले. शाळा, दवाखाना, दुकान, सरकारी दबाव, सगळं त्यात होतं. सरकारला उत्पन्नाचं साधन हवं होतं आणि कला हे तसं साधन ठरलं. त्याच सरकारने इनुइटांची नावं उच्चारायला अवघड म्हणून प्रत्येकाला गळ्यात घालायच्या चकतीवर एक क्रमांक दिला होता. बाहेरच्या तज्ज्ञांची एक परिषद १९८९ पर्यंत ठरवत असे की कोणतं चित्र बाजारात जाण्याच्या योग्यतेचं. दक्षिणेतल्या गिऱ्हाइकाला घुबड आवडतं, हेही छापखान्यापर्यंत पोचत असणारच.

दुसरी बाजू अशी, की सरकारी कागदावर क्रमांक असलेल्या माणसाचं नाव चित्रावर त्याच्या लिपीत छापलं जात होतं. ह्यूस्टन १९६२ मध्ये निघून गेले आणि काम थांबलं नाही. टेरी रायन हे १९६० मध्ये आलेले कलावंत पुढची कित्येक दशकं संस्थेचा कारभार पाहत राहिले. तेही बाहेरचेच, पण नोकरी गावकऱ्यांच्या संस्थेची.

माझं मत विचाराल तर, डाव ह्यूस्टन यांनी मांडला हे खरं. तो खेळला कोणी, हे चित्रं पाहून ठरवावं.

११. नंतर कोणकोण पाहुणे आले?

बरेच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीवकाम आलं. ते कलावंतांना मानवलं, कारण पत्रा घरी नेऊन स्वतः ओरखडता येत होता, मधला कोरणारा गळला. १९७० च्या दशकात दक्षिणेतून लिथोग्राफीचे जाणकार आले आणि तिच्यामुळे खडूची मऊ रेघ, रंगांचे थर छापता येऊ लागले. के. एम. ग्रॅहम या टोरोंटोच्या चित्रकार त्याच दशकात आल्या आणि त्यांच्यामुळे काही जणांनी ॲक्रिलिक रंग हाताळले. माँट्रियलच्या ‘स्टुडिओ पीएम’चे पॉल माखनिक यांच्याबरोबर एचिंगची, म्हणजे आम्लाने धातूच्या पत्र्यावर रेघा खोदून छापण्याची, कामं झाली.

शॅरी बॉइल यांची भेट वेगळ्या जातीची. त्या शिकवायला गेल्या नाहीत; शुविनाई आशूना यांच्या शेजारी बसून चित्रं काढायला गेल्या. दोघींनी एकाच कागदावरही काम केलं, पुढे एकत्र प्रदर्शन केलं. पाहुण्याकडे शिकवण्यासारखं काही असलंच पाहिजे, ही अट मी तेव्हापासून फारशी धरत नाही.

१२. चित्रांत सगळीकडे घुबडं, अस्वलं आणि शिकारीच दिसतात. आजचं जगणं येत नाही का?

येतं की. पुडलो पुडलाट यांनी विमानं काढली. ॲनी पूटूगूक यांच्या चित्रांत टीव्हीसमोर बसलेलं कुटुंब आहे, स्वयंपाकघर आहे, घरातली मारहाणही आहे. त्यांना २००६ मध्ये सोबी हा कॅनडातला कला पुरस्कार मिळाला. शुविनाई यांच्या अजब जगाची २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात खास दखल घेतली गेली.

१३. आम्हाला तिथे जाऊन शिकता येईल का?

सहल म्हणून जाता येतं, पण खर्च प्रचंड आणि हवामानापुढे वेळापत्रक चालत नाही. शिकण्यासाठी मी दुसरी वाट सुचवेन: किंगाइतने जिथून घेतलं तिथे जा. जपानमध्ये फुजीच्या पायथ्याशी कावागुची सरोवराजवळ ‘मी-लॅब’ ही संस्था परदेशी कलावंतांसाठी मोकुहांगाचे, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगांच्या लाकडी छपाईचे, निवासी वर्ग घेते. ही वाट आपल्याकडच्यांनी आधीही चोखाळली आहे. मुद्राचित्रकार झरीना (हाश्मी) यांनी १९७४ मध्ये टोकियोला तोशी योशिदा यांच्या स्टुडिओत लाकडी छपाई शिकली. त्यांची पुढची कामं पाहिली तर जपानी विषय कुठेही नाहीत. घरांचे नकाशे, उर्दू अक्षरं, सरहद्दीची रेघ आहे.

१४. आमच्या गावच्या कलाकेंद्रात पाहुणा मुद्राचित्रकार बोलवायचा आहे. कुठून सुरुवात करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी गावात कोणते हात आहेत ते बघा. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणारे आहेत. तिथे लिनोचे तुकडे वाटत बसण्यात काय हशील? गोधड्या शिवणाऱ्या बायकांना स्टेन्सिल पाच मिनिटांत कळेल. पाहुणा निवडायचा तो या हातांकडे पाहून, त्याच्या प्रदर्शनांची यादी पाहून नव्हे.

प्रेस नसल्याचं रडगाणं नको. उठावाचा ठसा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने उत्तम छापता येतो. एचिंग करायचंच असेल तर तीव्र आम्लाचा हट्ट सोडायला सांगा: तांब्याला फेरिक क्लोराइड, जस्ताला मोरचूद आणि मिठाचं पाणी. खिडक्या उघड्या, हातमोजे, आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, हे पाहुण्याच्या पत्रातच लिहा. शाळकरी मुलं येणार असतील तर मी एचिंग ठेवतच नाही.

महिना निवडताना पाऊस बघा. कोकणात जुलैमध्ये कागदाला बुरशी धरते आणि तेलाची शाई दिवसेंदिवस वाळत नाही. मोकुहांगावाला पाहुणा असेल तर मात्र दमट हवा त्याच्या पथ्यावर पडते, कारण त्याला कागद ओलसरच हवा असतो.

मुदत तीन आठवड्यांपेक्षा कमी नको. पहिला आठवडा चाचणीचे छाप, दुसरा चुका, तिसऱ्यात कुठे काम दिसू लागतं. चार दिवसांचं ते प्रात्यक्षिक. करा, पण त्याला निवासी उपक्रम म्हणू नका. आणि मानधन दोघांना: पाहुण्याला, आणि त्याच्याबरोबर रोज उभं राहणाऱ्या गावातल्या माणसालाही. दुसऱ्याला ‘अनुभव मिळतो’ म्हणून फुकट राबवलं जातं. परदेशी पाहुणा असेल तर कोणत्या व्हिसावर मानधन घेता येतं ते तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

१५. छापलेल्या प्रतींची वाटणी कशी करायची? ठसे कोणाकडे राहतात?

एका पानाचा लेखी करार, छपाई सुरू होण्याआधी. त्यात चार गोष्टी हव्यात: आवृत्ती किती प्रतींची, त्यांतल्या पाहुण्याला, केंद्राला आणि छापणाऱ्याला किती, विकल्यास पैसे कसे वाटायचे, आणि आवृत्ती संपल्यावर ठशाचं काय. किंगाइतला आवृत्ती झाली की दगड निकामी करतात किंवा घासून पुन्हा सपाट करतात, म्हणजे एक्कावन्नावी प्रत निघतच नाही. लाकडी ठसा केंद्रात प्रदर्शनाला ठेवायचा असेल तर त्यावर ठळक आडवी चीर मारा.

आणखी एक: दोघांनी मान्य केलेली एक नमुना प्रत सहीनिशी बाजूला ठेवा. पाहुणा परत गेल्यावर उरलेली आवृत्ती छापायची वेळ येते तेव्हा ‘निळा एवढा गडद नव्हता’ हा वाद त्या प्रतीवर मिटतो.

१६. पाहुण्याला मराठी येत नाही आणि आमच्या मंडळींना इंग्रजी. चालेल का?

पहिले दोन दिवस अवघडलेपण, मग हातच बोलतात. रोलर फिरवण्याचा ‘चर्र’ आवाज बरोबर आला की शाई योग्य, हे कुठल्याही भाषेत समजतं. दुभाषा लागतो तो पैशांच्या, श्रेयाच्या आणि सुरक्षिततेच्या बोलण्याला. तो उपक्रमाच्या आयोजकांपैकी नसावा.

१७. पाहुण्याने आमच्याकडची वारली आकृती उचलून आपल्या चित्रात वापरली तर?

इथे जपून. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन नावाला संरक्षण देतं. त्रिकोणी माणसाची आकृती काढण्यावर कोणाची बंदी नाही. कायद्याच्या भाषेत पाहुणा सुटतो. केंद्राची जबाबदारी सुटत नाही. सोबत काम करणाऱ्या वारली कलावंताने स्वतः काढलेलं विशिष्ट चित्र वापरलं असेल तर ते त्याचं आहे: परवानगी, नाव आणि मोबदला, तिन्ही हवेत (करार: प्रश्न १५). तारपा किंवा चौक यांसारख्या गोष्टी सणाविधीशी जोडलेल्या असतात, तिथे एका कलावंताच्या ‘हो’वर भागवू नका, पाड्यावरच्या जाणत्यांना विचारा. नकार आला तर विषय बदला. बदलण्यासारखे विषय पुष्कळ असतात.

१८. केनोजुआक यांचं प्रसिद्ध घुबड ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतंय. घ्यावं का?

भिंतीवर लावायला पोस्टर म्हणून हवं असेल, आणि विकणाऱ्याकडे छापण्याचा परवाना असेल, तर घ्या. मूळ ‘एन्चांटेड आउल’ हे १९६० चं स्टोनकट. एकूण ५० प्रती, त्यांतल्या २५ लाल शेपटीच्या आणि २५ हिरव्या. १९७० मध्ये ते कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं आणि त्यानंतर त्याच्या असंख्य नकला निघाल्या. २०१८ च्या लिलावात एक मूळ प्रत दोन लाख कॅनेडियन डॉलरच्या पुढे गेली. तेव्हा ‘मर्यादित आवृत्ती, ३१२/५००’ असं लिहिलेलं घुबड कोणी मूळ म्हणून दाखवत असेल तर त्याला ५० हा आकडा सांगा.